लेकीच्या नावावरचं खातं

आसावरी खांबेटे नेदरलँड्समधल्या ब्रेडामध्ये राहायची आणि नोकरीसाठी रोज ट्रेनने सीमेपलीकडे, बेल्जियममधल्या अँटवर्पला जायची. कर बेल्जियममध्ये कापला जायचा, तरी तो पगार नेदरलँड्सच्या कराच्या फॉर्ममध्येही दाखवावा लागायचा. या भानगडीत ती इतकी तरबेज झाली की ओळखीतले सगळे आपापले फॉर्म घेऊन तिच्याकडेच यायचे. तिची छोटी लेक इरा विचारायची, "या काकांना पगार किती?" आसावरी तिला गप्प करायची, "दुसऱ्याचा आकडा विचारू नये."

इराच्या कॉलेजसाठी ती दरमहा शंभर युरो बाजूला टाकायची. पुण्याच्या सवयीने खातं लेकीच्या नावावर काढलेलं. नाव तिचं, सही आपली, असं तिने धरूनच ठेवलं होतं. जगाला नियम सांगणाऱ्या बाईने हा एक नियम वाचलाच नव्हता. २०१८ मध्ये इरा अठरा वर्षांची झाली, तेव्हा बँकेचं पत्र इराच्या नावाने आलं. खातं आता फक्त तिचं होतं. आसावरीच्या मोबाइलवर ते दिसेनासं झालं.

महिनाभराने भाजी चिरता चिरता तिने विचारलं, "खात्यात किती आहेत गं आता?"

एरवी डचमध्येच उत्तर देणारी इरा स्वच्छ मराठीत म्हणाली, "दुसऱ्याचा आकडा विचारू नये."