ढोलीतला आवाज

हर्सूलच्या पुढं रस्त्याला लागून कडुबाचं लाकूड चिरायचं आरा मशीन आहे. तो हिरव्या झाडाला हात लावत नाही, उभ्याउभ्या वाळलेलंच घेतो. असं लाकूड जागेवरच मुरतं, चौकट केली तर वाकत नाही. या गोष्टीचा त्याला अभिमान होता.

मनकर्णाबाईंच्या शेतातला जुना कडुनिंब असाच वाळून उभा होता. वादळात गोठ्यावर पडेल ही त्यांची भीती, शिवाय नव्या घराला चौकटी हव्या होत्या. कडुबा बघायला गेला तेव्हा त्यांनी वर बोट दाखवलं.

"त्या ढोलीत राघूची पिल्लं हायेत. उडून गेली की मग ने."

"थांबतो की, काकू. लाकूड कुठं पळून जातंय?"

त्याच आठवड्यात मनकर्णाबाई पैठणला लेकीकडं गेल्या आणि शेजारच्या विहिरीवर क्रेन आली. ती परत कधी मिळेल याचा नेम नव्हता. कडुबानं खोडावर दगड मारला. एक राघू ओरडत बाहेर पडला. आणखी काही हललं नाही.

"पिल्लं गेलेली दिसतात," तो मोठ्यानं म्हणाला आणि करवत चालू केली.

क्रेननं खोड अलगद उचलून ट्रॉलीत ठेवलं. कडुबा त्याच्यावरच बसला. वाटेत ट्रॅक्टरवाल्या कृष्णानं मागं वळून पाहिलं.

"कडुभाऊ, आतून आवाज येतोय काय?"

"ट्रॉलीची फळी वाजतीय. चल तू."

आवाज त्याच्या मांडीखालून येत होता. चिरका, भुकेला. थांबलं असतं तर हात घालून पिल्लं काढता आली असती. पण मग काकूंना दिलेला शब्द मोडलाय हे कृष्णासमोर उघडं पडलं असतं. कडुबा बसून राहिला. मशीनवर पोहोचल्यावर खोड उतरवलं आणि ढोलीकडं न बघता तो घरी गेला.

सकाळी खोड आऱ्यावर चढवण्याआधी त्यानं ढोलीत हात घातला. तीन पिल्लं. अंगावर कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. रात्रभरात गार पडली होती. त्यानं ती भुशाच्या ढिगामागं पुरली आणि मशीन सुरू केलं. लाकूड फार सुरेख निघालं.

चौकटी पोचवायला गेला तेव्हा मनकर्णाबाई परत आल्या होत्या.

"राघू उडाले का रे?"

"उडाले."

त्यांनी चहा ठेवला. कडुबानं तो खाली बघत संपवला.

त्यानंतर त्याला जेवण जाईना. बायकोला वाटलं ताप आलाय. शेवटी एका दुपारी तो पुन्हा शेतावर गेला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहून सगळं सांगून टाकलं, ट्रॉलीतल्या आवाजासकट.

मनकर्णाबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"मला ठाऊक हाय. मी आले तवा ते जोडपं झाडाच्या जागी घिरट्या घालत व्हतं. पिल्लं उडाली असती तर कशाला आले असते? तू चहा पीत व्हतास तवा मी वाट बघत व्हते, आता सांगशील, मग सांगशील."

"चुकलं, काकू."

"मला काय सांगतोस?" एवढंच बोलून त्या आत गेल्या.

चौकटी त्यांनी बसवल्या. लाकडाचा काय दोष, म्हणाल्या असं कडुबाच्या कानावर आलं. रस्त्यात भेटल्या तर बोलतात, पण कडुबाच त्यांना दिसायच्या आत वळतो.

आता कुठलंही वाळलेलं झाड घ्यायचं तर तो आधी स्वतः शिडी लावून वर चढतो. गुडघे दुखतात, तरी प्रत्येक ढोलीत हात घालून बघतो. घरटं असलं तर पाऊस लागेपर्यंत झाड सोडतो, गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तरी. लोक विचारतात, एवढं काय शोधतोस?

"खिळे," तो सांगतो. "जुन्या झाडात खिळे असतात. आऱ्याचं पातं तुटतं."

खरं कारण त्याच्या तोंडून अजून निघालेलं नाही.