वसंत ऋतूचे मुकादम

पिंपरीच्या माळरानावर वसंत येतो तो केवळ आपल्या परवानगीने, याविषयी आमच्या शेजाऱ्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कारखान्याच्या नव्या वसाहतीत भिंतींचा चुना अजून ओला होता, रस्ते व्हायचे होते. पण माघ सरता सरता यांच्या अंगणात फ्लॉक्स, पिटुनिया, हॉलीहॉक असा सगळा विलायती गोतावळा फुलून यायचा. फूल तोडायला मात्र बंदी. खुद्द त्यांच्या घरच्या वहिनींनी एकदा पूजेला दोन फुलं मागितली, तर म्हणाले, "देवाला म्हणावं, खिडकीतून बघ." पाहुण्यांना चहा मिळे तो बाग पाहून झाल्यावर, तोवर तो गारढोण झालेला असे. माझ्या दारचा झेंडू पाहून तर "फुलांतली चाळ आहे ही!" म्हणून मोकळे.

त्यांचं हाडवैर एकाच जिवाशी होतं. पलीकडच्या वस्तीतल्या पारूबाईच्या शेळीशी. एका सकाळी तिने फ्लॉक्सचा एक अख्खा वाफा फस्त केला. "तुमच्या शेळीनं विलायती फुलं खाल्ली!" हे गरजले. पारूबाई शांतपणे म्हणाली, "मुकं जनावर हाय सायेब. त्याला काय ठावं, देशी का विलायती?" तेव्हापासून हे तिच्याशी बोलेनात, शेळीशी मात्र कुंपणावरून रोज भांडत.

आणि फाल्गुनात तीच पारूबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. दुपारी लेकीचं लग्न, आणि पुण्याहून यायचे हार आलेच नव्हते. "पोर रडतीया," एवढंच म्हणाली. आता व्याख्यान सुरू होणार म्हणून मी कान टवकारले. हे आत गेले, कात्री घेऊन आले आणि एकेक वाफा उतरवू लागले. मी मदतीला पुढे झालो, तर खेकसले, "हात लावू नका, देठ मोडाल!"

वहिनींनी हार गुंफले. मांडवात हे नवरदेवाला खेटून उभे. "मान हलवू नका, पाकळ्या गळतील!" भटजींपेक्षा यांचाच आवाज मोठा. तरी शेवटच्या 'सावधान'पर्यंत पिटुनियांनी माना टाकल्याच. नवरी मात्र तो मरगळलेला हार काढायला तयार होईना. निघताना ती यांच्या पाया पडली, तेव्हा "पुरे, पुरे" म्हणत हे भलतीकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोडक्या देठांना झारीने पाणी घालत होते.

"आता कशाला?" मी विचारलं.

त्यांनी शेवटच्या देठाशी झारी रिकामी केली. मग हळूच म्हणाले, "त्यांना सवय झालीय हो."

चेष्टा करायला मी तोंड उघडलं होतं. तसाच घरात आलो.