तिसरा भाग पलूसला राहिला

सतरा वर्षं फौजेत काढून मी साताऱ्याला कायमचा घरी आलो, तेव्हा माझी मुलगी बारा वर्षांची होती आणि माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची. चहा घेणार का, पाणी तापलंय, टीव्ही लावू का. हट्ट नाही, रुसणं नाही, उलट उत्तर तर नाहीच. शेजारीपाजारी म्हणायचे, काय गुणी पोर आहे. ते ऐकून मी विषय बदलायचो. सुट्टीवर यायचो तेव्हाही ती अशीच वागायची, कारण मी जाणार हे तिला ठाऊक असायचं. आता मी जाणार नव्हतो, पण ते तिला पटलेलं दिसत नव्हतं.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं चार दिवस पलूसला मेहुणीकडे गेलो. थंडी चांगली पडली होती, ऊसतोड जोरात चालू होती. मी रोज सकाळी रानात चक्कर मारून यायचो. मुलगी मात्र घरातून हलली नाही. मेहुणीची लेक कॉलेजात आहे, तिच्याकडे पाच भागांची एक कादंबरी होती. धुक्यापलीकडचं जादूचं राज्य, बोलणारी नदी आणि एका नावाड्याची मुलगी, जिचा बाप राजाच्या लढाईवर गेलाय. आमच्या पोरीने तिथे बसून एक भाग फस्त केला आणि दुसरा अर्ध्यावर आणला.

परत निघायची वेळ आली. आमच्या पिशव्या गूळ, शेंगा आणि हरभऱ्याच्या भाजीने भरल्या होत्या. तेव्हा ठरलं की आत्ता पहिले तीन भाग न्यायचे, उरलेले मागाहून.

आदल्या दिवशी दुपारी मला त्या पुस्तकांचे दुमडलेले कोपरे दिसले आणि माझे हात शिवशिवले. फौजेत राहिलेल्या माणसाला काही विस्कटलेलं दिसलं की स्वस्थ बसवत नाही. मी दुकानातून खाकी कागद आणला आणि पाचही पुस्तकांना घट्ट कव्हरं घातली. वहीवर लावतात तसली लेबलंही चिकटवली. ती कोरीच ठेवली, कारण मुलीचं अक्षर सुरेख आहे, घरी गेल्यावर तिच्याकडून लिहून घेऊ म्हटलं. पाच जवान परेडला उभे असावेत तशी ती दिसत होती. मी स्वतःवरच खूश झालो. सकाळी एसटीच्या घाईत वरची तीन उचलली आणि पिशवीत कोंबली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात पुस्तक होतं आणि चेहरा लाल झाला होता. मी तिसरा म्हणून आणलेला भाग चौथा निघाला होता.

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं कव्हरं घालायला? एकदा विचारायचं तरी. सगळी एकसारखी करून ठेवलीत.”

दार धाडकन आपटलं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तसाच उभा. बायको पलूसच्या शेंगा फोडत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

“आवं, असं काय उभं ऱ्हायलाय? पोरगी भांडली की तुमच्याशी. लय बरं झालं.”

माझ्या ते तेव्हा लक्षात आलं आणि उगीचच हसू फुटलं. पाहुण्यावर कोणी दार आपटत नाही.

पलूसला फोन केला. भाचीची परीक्षा चालू होती, ती म्हणाली पुढच्या शनिवारी पाठवते. आमच्याकडे असं काही धाडायचं असलं की साताऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतात आणि गाडीचा नंबर फोनवर कळवतात. शनिवार दहा दिवसांवर होता. तोवर मी पुस्तकं वाचायला घेतली. शाळा सुटल्यापासून मी एक पुस्तक पुरं वाचलेलं नव्हतं. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर माझी दिवसपाळी असते, तिथे दुपारी ट्रक कमी असले की पानं सरकायची. पहिला झाला, दुसरा झाला, आणि मग चौथाही घेतला. मुलगी क्रम सोडून वाचायला तयार नव्हती, पण मी आयुष्यभर जे ताटात पडलं ते खाल्लंय.

एकदा जेवताना मी म्हणालो, राजाची फौज भर हिवाळ्यात बर्फाचा घाट चढते, पण रेशन कोण वाहतंय ते कुठेच लिहिलेलं नाही. मुलगी म्हणाली, ते जादूचं राज्य आहे. मी म्हटलं, जादूच्या शिपायालाही भूक लागतेच की. भाजी गार झाली तरी आमचा वाद चालूच. मग मध्येच तिने विचारलं, बर्फात बोटांना काय होतं. माझ्या नोकरीबद्दल तिने विचारलेला तो पहिला प्रश्न. मी बोटं कशी बधिर होतात ते सांगितलं, बर्फ वितळवून केलेलं पाणी सांगितलं, घरचं पत्र हातमोजे काढून वाचायला लागायचं तेही सांगितलं. ती ऐकत राहिली.

शनिवारी दुपारी मी स्टँडवर निघालो तर ती स्कूटरवर मागे येऊन बसली. गाडी आली, कंडक्टरने पुडकं हातात दिलं. तिथल्याच बाकावर बसून तिने दोरी सोडली. पुस्तक मात्र उघडलं नाही. मांडीवर तसंच धरून बसली.

“तुम्ही चौथा वाचलाय. एवढंच सांगा, तिचा बाप परत येतो का?”

“येतो.”

“मग परत जातो?”

येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघत मी म्हणालो, “नाही. राहतो.”

तिने मान डोलावली. कोऱ्या लेबलवरून एकदा अंगठा फिरवला. मग पुस्तक उघडलं आणि माझ्याकडे सरकून बसली.

“मी मोठ्याने वाचते. नाहीतर तुम्ही माझ्याआधी संपवाल.”

स्टँडवर गाड्यांच्या घोषणा चालू होत्या, त्यामुळे नीट ऐकू येईना. मी मान तिच्याकडे झुकवली. पहिलं प्रकरण संपायच्या आत बायकोचा फोन आला, आणि मी तिला सांगितलं, आम्हाला जरा उशीर होईल.