खाले घे

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती. माझी पोस्टिंग धुळ्याच्या कॅम्पात होती. मी नायक, ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर. गाड्या म्हणजे लढाईच्या काळातले तीन टनी ट्रक. चार गिअर, आणि गिअरबॉक्स इतका आडमुठा की डबल क्लच केल्याशिवाय दाद देत नसे. क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. चुकलं की गिअर करकरायचा. तो आवाज मला आजही सहन होत नाही.

ओव्हरटेकचा माझा नियम एवढाच होता: आधी गिअर खाली, मग गाडी बाहेर. भरलेल्या ट्रकला टॉपवर, म्हणजे चौथ्या गिअरवर, ओढ नसते. तिसऱ्यावर आणा, समोर पाहा, मगच उजवीकडे काढा. जमत नसेल तर मागे राहा, मागे राहिल्याने कुणाची पेन्शन कापत नाहीत.

ड्रायव्हर सुपडू पहूरचा, मी जामनेरचा, म्हणजे जवळजवळ घरचाच. 'चेंज डाउन' म्हटलं की तो बावचळायचा. म्हणून मी त्याला आमच्या बोलीत सांगू लागलो, "सुपडू, खाले घे." लगेच तिसरा गिअर अलगद पडायचा. मला माझ्या युक्तीचं भारी कौतुक होतं. पण आमच्याकडे बैलगाडीवाल्याला 'खाले घे' म्हटलं, तर तो गाडी रस्त्यावरून कडेच्या मातीत उतरवतो. हे मला ठाऊक होतं. मी विचार केला नाही.

त्या दिवशी सकाळी सहाला चार ट्रकांचा कॉन्व्हॉय जळगाव स्टेशनाकडे निघाला. आमचा ट्रक शेवटचा. सुपडू स्टिअरिंगवर, मी त्याच्या डाव्या हाताला. पारोळ्याच्या पुढे समोरून बैलगाड्यांची रांग आली. रस्ता अरुंद. मी म्हणालो, "खाले घे." त्याने ट्रक कडेला उतरवला. तेव्हा मला तेच सांगायचं होतं.

एरंडोल सोडलं तेव्हा आठ वाजून गेले होते. चढावर कापसाने भरलेला एक ट्रक रखडत चालला होता. आमचे पुढचे तिन्ही ट्रक त्याला मागे टाकून गेले होते.

"उस्ताद, जाऊ का?"

समोर दूरवर एक बस येत होती. तिसऱ्यावर आम्ही सहज निघालो असतो.

"जा."

तो टॉपवरच बाहेर पडला. टॉप सोडणं त्याच्या नेहमीच जिवावर येई. कापसाच्या ट्रकच्या बरोबरीला आलो आणि आमचं इंजिन धापा टाकू लागलं. ट्रक पुढेही सरकेना. बस जवळ आली.

"खाले घे!" मी ओरडलो.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं आणि ट्रक डांबरावरून खाली मातीत उतरवला. तिथे कडुनिंब होता. बस आमच्या आणि कापसाच्या ट्रकच्या मधून निघून गेली. तिच्यातल्या कुणाला खरचटलंही नाही. माझं गळ्याचं हाड मोडलं. झाड सुपडूच्या बाजूला होतं.

कोर्ट ऑफ एन्क्वायरीत साहेबांनी विचारलं, "काय ऑर्डर दिलीस?"

"चेंज डाउन, सर."

"ड्रायव्हरने गिअर बदलला?"

"नो, सर."

मला म्हणायचं होतं ते तेच, त्या अर्थाने यात एक अक्षर खोटं नव्हतं. चूक ड्रायव्हरची, असं कागदावर आलं आणि मी खाली सही केली. मला बाहीवरचे नायकाचे पट्टे जाण्याची भीती वाटली होती. त्याची ती नजर अजून माझी पाठ सोडत नाही. बसमध्ये मी ड्रायव्हरच्या जवळ बसत नाही.

सुपडूची ट्रंक घेऊन मीच पहूरला गेलो. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. ट्रंकेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तू त्याच्याजोळच व्हता ना भाऊ? त्याले काही सांगतलं व्हतं का?"

"हो आबा. खाले घे म्हनलो."

"मंग आयकलं का त्यानं?"

मी सहीचा कागद आठवत उभा राहिलो.

"आयकलं, आबा."

म्हातारा बराच वेळ मान हलवत राहिला. "आयकनारंच पोरगं व्हतं ते," म्हणाला.

कागदात हे कुठे नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. ड्रायव्हर सुपडू, गाव पहूर. मिळालेली ऑर्डर त्याने पाळली.