मनावर घ्यायचं नाही, म्हणे

"थांबवा. परत लावा."

मॅडमनी हात वर केला. टेपरेकॉर्डरजवळ बसलेल्या मुलीनं टेप मागं घेतली. आम्ही सगळे शिकाऊ समुपदेशक गोल करून बसलो होतो. कर्वे रस्त्याच्या मागं, एका जुन्या बंगल्यात ते समुपदेशन केंद्र चालायचं. मॅडम तिथल्या संचालिका. आलेल्या माणसाची परवानगी घेऊन संभाषण टेप करायचं आणि मग सगळ्यांसमोर ऐकून चुका काढायच्या, अशी शिकवायची पद्धत होती. त्या दिवशी माझी टेप होती.

टेपमधून माझा आवाज आला. "ताई, तुमची मुख्य अडचन काय आहे?"

मॅडमनी पुन्हा हात वर केला.

"अडचन," त्या म्हणाल्या. "ऐकलंत? त्या बाई एक अडचण घेऊन आल्या होत्या. यांनी त्यांना दुसरी दिली."

सगळे हसले. मीही हसले. कान तापले होते, तरी हसले.

टेपवरची ती बाई पुढं रडली होती. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल ती पहिल्यांदा कुणाशी तरी बोलली होती. माझ्याशी. तिथपर्यंत टेप गेलीच नाही.

"अहो, वाईट वाटून घेऊ नका," मॅडम मला म्हणाल्या. "तुमच्या घरी चालत असेल. इथं येणाऱ्यांच्या कानांना शुद्ध ऐकायची सवय असते."

तुमच्या घरी.

आमचं घर बोपोडीत. रुळांजवळच्या वस्तीत. वडील कारखान्यात कामगार होते. रविवारी विहारातलं पुस्तकांचं कपाट उघडून बसायचे, कुणी वाचायला येवो न येवो. ते अचानक गेले तेव्हा दादा कॉलेजात होता आणि मी शाळा संपवत होते. आईनं आम्हा दोघांना समोर बसवलं. दोघांचं शिक्षण तिला झेपणार नव्हतं. दादाच म्हणाला, "हिचं चालू दे."

एवढंच बोलणं झालं. थोड्याच दिवसांत दादा गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. पुढं हिंजवडीत आयटी कंपन्या आल्या, त्यांच्या माणसांची ने-आण करणाऱ्या गाड्या आल्या. तो तिकडं गेला. त्या काचेच्या इमारतींत तो कधी शिरला नाही. गेटपर्यंत जायचा. माणसं उतरवायचा. परत यायचा.

मी मानसशास्त्रात एम.ए. झाले. मला सीट कशी मिळाली, यावर वर्गात कुजबूज चालायची. मी चुकले की त्यांचं खरं ठरणार. मी चुकले की दादाचं कॉलेज वाया जाणार. त्यामुळं चुकायची सोयच नव्हती. आणि त्या टेपनंतर तर नाहीच.

मी आरशासमोर उभी राहून ण म्हणायची. दादा रात्रपाळी करून झोपलेला असायचा, म्हणून ओठांतल्या ओठांत. जीभ टाळ्याला लावायची. बाण. कारण. प्राण. तोंड दुखायचं. केंद्रात मात्र माणसं समोर आली की ण चा पुन्हा न व्हायचा. मग ज्या शब्दात ण आहे तो शब्दच टाळायला लागले. अडचण म्हणायचं नाही, प्रश्न म्हणायचं. कारण विचारायचं नाही, "का" विचारायचं. तहान लागली तरी कुणाकडं पाणी मागायची नाही. उठायचं, आपलं आपण घ्यायचं. एकेक अहवाल फाडून पुन्हा लिहायची. समोरचा माणूस बोलत असताना मी त्याचं ऐकत नसायची, माझं पुढचं वाक्य तपासत असायची. हे कळत होतं. त्याचंही अपराधी वाटायचं. अपराधी वाटणं हेच माझं हवापाणी झालं होतं.

आणि गंमत बघा, मॅडमनी मला कायम केलं. कामसू, बिनचूक, न बोलणारी. अशी माणसं सगळ्यांनाच आवडतात.

त्या काळात आयटी कंपन्या आपल्या माणसांना केंद्राकडं पाठवायला लागल्या होत्या. पंचविशीतली मुलं. पगार मोठे, झोप उडालेली. बहुतेकांचं दुखणं एकच. थोडीसुद्धा चूक चालायची नाही, स्वतःचीच. मॅडमनी आम्हाला त्यासाठी एक नवी पद्धत शिकवली. विचाराशी भांडायचं नाही. भीती आली की तिला जागा द्यायची आणि तिच्यासकट आपलं काम करायचं. स्वीकाराची पद्धत. मॅडमना विषय येत होता. ते मी नाकारणार नाही.

माझ्याकडं एक मुलगा आला. त्याला सागर म्हणू, नाव बदललंय. वाघोलीच्या पुढच्या गावातला. घरची जमीन विकून त्याचं इंजिनिअरिंग झालं होतं. म्हणजे त्यालाही चुकायची सोय नव्हती.

"मेल पाठवायला हात धजत नाही, मॅडम," तो म्हणाला. "चार ओळींचा असतो. वाचतो. पुन्हा वाचतो. माझी इंग्लिश कच्ची हाय. वाटतं, कायतरी राहिलं. सगळे हसणार."

त्याच्याकडं बघताना मला आरसा दिसत होता.

मी त्याला सांगितलं, "'सगळे हसणार' हा विचार येणार. त्याला हाकलू नकोस. बाजूच्या खुर्चीत बसू दे. फक्त मेल पाठवायचा की नाही, हे त्या विचाराला विचारू नकोस. ते तू ठरव. तुला हे काम कशासाठी करायचंय?"

त्यानं गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "मला चांगला प्रोग्रॅम लिहायचाय. मेल नाय लिहायचे."

दोघंही हसलो.

"मग मेल एकदा वाच आणि पाठव. चूक राहिली तर राहू दे."

जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "तुम्हाला जमतं का हो हे?"

"प्रयत्न करते," मी म्हणाले. प्रयत्न कसला. त्याच्या भेटीची नोंद मी तिसऱ्यांदा लिहायला घेतली होती.

पण त्याला जमायला लागलं. हळूहळू तो दिवसाउजेडी घरी जायला लागला. आईबरोबर जेवायला लागला. माझ्यासमोर बसून खळखळून हसला एकदा. मला वाटलं, चला, आपल्या हातून एक काम नीट झालं.

मग एक दिवस तो आला आणि बसलाच नाही. उभाच राहिला.

त्यानं एकदाच वाचून एक मेल पाठवला होता. त्यात इंग्रजीच्या चुका राहिल्या होत्या. त्याच्या मॅनेजरनं तो मेल मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर लावला. पूर्ण टीमसमोर एकेक ओळ वाचली, सागरच्या गावच्या हेलात. माणसं हसली. शेवटी मॅनेजर म्हणाला, "धिस इज व्हॉट हॅपन्स व्हेन वी हायर फ्रॉम एनीव्हेअर." कुठूनही माणसं उचलली की असंच होणार.

"मी पण हसलो, मॅडम," सागर म्हणाला.

पाठव म्हणून सांगणारी मीच होते.

त्यानंतर तो ऑफिसला जाईना. कंपनीची एचआर बाई केंद्रात आली. मॅडमच्या खोलीत मला बोलावलं. बाई बोलायला गोड होती.

"मॅनेजरचा स्वभाव थोडा तसा आहे, पण काम उत्तम," ती म्हणाली. "तुमची ती स्वीकाराची थेरपी आहे ना? मग त्याला तेच शिकवा. मनावर घ्यायचं नाही. आणि आम्हाला एक अहवाल द्या. मुलगा अतिसंवेदनशील आहे, कामाचा ताण त्याला झेपत नाही, असं."

मॅडम मला म्हणाल्या, "द्या लिहून. उद्यापर्यंत."

मी म्हणाले, "त्याच्या मनात जे येतं ते स्वीकारायला मी त्याला शिकवते. मॅनेजर जे करतो ते स्वीकारायला नाही."

एवढं लांब वाक्य मी मॅडमसमोर कधी बोलले नव्हते. एचआर बाईचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. मॅडमनी चष्मा काढला.

"तुमच्या लोकांचं हे असंच," त्या म्हणाल्या. "कुणी जरा बोललं की झाला अपमान."

"माझे लोक म्हणजे कोण, मॅडम?"

"तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय."

"कळतंय. पण तुम्ही म्हणा. शुद्ध मराठीत म्हणा."

भीती आली होती. मी तिला हाकलायला गेले नाही. बसू दे म्हटलं बाजूच्या खुर्चीत. डोक्यात दादा होता, त्याचं सोडलेलं कॉलेज होतं, आणि नोकरी जाणार हे दिसत होतं. सगळं तिथंच होतं. मी खुर्चीत बसून राहिले आणि मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिले. शेवटी त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, "या तुम्ही."

मी अहवाल लिहिला. एकदाच. मुलगा आजारी नाही, त्याचा चारचौघांत अपमान झाला आहे आणि त्याची जबाबदारी कंपनीची आहे, असं लिहिलं. वाचून न बघता मॅडमच्या टेबलावर ठेवला. तो कंपनीला गेला नाही. मला मात्र पुढच्या महिन्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं.

घरी सांगितलं तेव्हा दादा जेवत होता. वाटलं होतं, तो तरी म्हणेल, बरं केलंस. त्यानं ताट सरकवलं.

"मला एकदा विचारायचंस तरी."

"विचारायला वेळच नव्हता, दादा."

"मी कॉलेज सोडलं तेव्हा मला पण कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

तो पहिल्यांदाच हे बोलला. मी त्याचं ताट उचलून झाकून ठेवलं. तो आता माझ्याशी नीट बोलतो, आम्ही एकत्र जेवतो, पण त्या वाक्यावर आम्ही दोघंही परत गेलो नाही.

सागरनं राजीनामा दिला होता. तो मला एकदा भेटायला आला. म्हणाला, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी तो मेल पाठवला नसता." आवाजात राग नव्हता. त्यामुळं जास्त लागलं.

"खरं आहे," मी म्हणाले. "त्याचं मला वाईट वाटतं. पण मेल पाठवणं चूक नव्हती. तो स्क्रीनवर लावणं चूक होती."

"ते कळलंय मला. तरी झोपेत स्क्रीन दिसते."

सगळं बरं होईल असं मी म्हणाले नाही. तो आता दुसऱ्या, लहानशा कंपनीत आहे. मेल किती वेळा वाचतो, मला ठाऊक नाही.

मी बोपोडीतच एका शिंप्याच्या दुकानावर खोली घेतली आहे. वस्तीतली माणसं येतात, हिंजवडीतली पोरंही येतात. माझं अपराधीपण गेलेलं नाही. दादाला रात्री गाडी काढताना बघते तेव्हा ते छातीवर येऊन बसतं. बसू दे. त्याला घेऊनच मी खोली उघडते. पद्धत मी टाकली नाही. ती चांगली आहे. ती कुणाच्या हातात द्यायची, एवढं मला आता कळतं.

मागच्या आठवड्यात एका कंपनीतून फोन आला. एक मुलगी आहे, साहेब ओरडले की ती उठून बाहेर निघून जाते, तिला जरा स्वीकार वगैरे शिकवाल का.

मी म्हणाले, "तिला पाठवा. तिचं मी ऐकेन. आणि ओरडणाऱ्या साहेबालाही पाठवा. अहवाल दोघांचा देईन."

फोन ठेवून दिला त्यांनी.

पुढचा फोन येईल. त्यालाही हेच सांगणार आहे.