गाळलेलं चिन्ह

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण आधी माझ्या अक्षराबद्दल बोलू द्या – त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कर्जतला रेल्वेच्या कचेरीत मी घाटातल्या पुलांचे नकाशे उतरवून काढत असे. माझ्यासारखा हात खालापूरपासून घाटमाथ्यापर्यंत नव्हता. खोटं कशाला बोलू? आजही नाही.

त्या हातामुळेच इंजिनियरसाहेबांच्या म्हाताऱ्या वडिलांनी मला बंगल्यावर बोलावलं. विलायतेत ते पियानो शिकवत. पियानोवर वाजवायच्या जुन्या, लांबलचक रचना असतात, त्यांना सोनाटा म्हणतात. नंतरच्या छापणाऱ्यांनी त्यांत आपल्या मर्जीने फेरफार केलेले. या म्हाताऱ्या साहेबांकडे सर्वांत जुनी प्रत होती. तिच्याशी एकेक स्वर ताडून त्यांना शुद्ध पुस्तक काढायचं होतं. पण डोळे गेलेले. पाच रेघांवरची ती टिंबं वाचायला त्यांनी मला शिकवलं. चार महिन्यांत शिकलो. चार महिन्यांत! दोन वर्षं रोज तिन्हीसांजेपर्यंत लिहीत होतो.

एका संथ जागी जुन्या प्रतीत टिंबाआधी एक बारीक चिन्ह घालून स्वर थोडा खाली उतरवलेला होता. कानाला खुपायचा. नव्या प्रतींत तो गोड केलेला. साहेबांनी दोन्ही वाजवून मला विचारलं. माझे वडील भजनी, कान मला घरचाच – मी म्हणालो, दुसरा गोड आहे.

"गोड केलाय, म्हणून तर खोटा," ते म्हणाले. "जे आहे तेच लिही."

आणि मी – टिंबाआधीचं ते बारीक चिन्ह गाळलं. नजरचुकीने? नाही. मला वाटलं, माझा कान खरा. यांना दिसतंय कुठे?

पुस्तक विलायतेत छापलं गेलं. प्रस्तावनेत साहेबांनी लिहिलं होतं की लेखनिकाच्या हातून एकही चूक झालेली नाही. ते पान मी किती जणांना दाखवलं असेल!

वर्षभराने तिकडच्या एका पंडिताचं पत्र आलं. जुनी प्रत त्यानेही पाहिली होती. शुद्ध म्हणवणाऱ्या पुस्तकात तोच खोटा स्वर कसा, असं त्याने विचारलं होतं. पत्र साहेबांना मीच वाचून दाखवलं. ते मग म्हणाले, माझेच डोळे चुकले. दोन पावलांवर मी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं.

घरी बायकोने विचारलं, "साहेबाची चूक झाली म्हनत्यात. तुमची तं नाय ना?"

"माझी? नाय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी उत्तर सांगितलं, मी लिहून घेतलं. "दोष सर्वस्वी माझा. आंधळ्याने असलं काम हाती घ्यायला नको होतं. दुसरा भाग मी काढणार नाही." पुढे पाच वर्षं ते जगले, त्या कामाला पुन्हा हात लावला नाही.

सहीची जागा मी त्यांना बोट धरून दाखवली. सही करून कागदावरून हात फिरवत ते म्हणाले, "अक्षर सुंदर आलं असेल."

आलं होतं. एकही खाडाखोड नव्हती.