काकूला कुणी सांगितलंच नाही

माझी काकू पडदे शिवायची. नाट्यगृहांचे, दवाखान्यांचे, शाळांचे. तिची स्वतःची शाळा तिसरीतच सुटलेली. काका मात्र भूगोलाचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले.

तारांगणाच्या दारांना काळे पडदे हवे होते, म्हणून ती मापं घ्यायला गेली. सोबत मी होते. काम आटोपल्यावर तिथला माणूस म्हणाला, "बसा की, खेळ सुरूच होतोय."

अंधार झाला. घुमटावर मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती फिरणारा सूर्य. काकू निवांत बघत होती. मग आवाज आला, की हजारो वर्षं बहुतेक माणसं असंच धरून चालली होती, आणि ते चूक होतं. सूर्य सरकत मधे आला. पृथ्वी त्याच्याभोवती फिरू लागली.

काकूने माझं मनगट आवळलं. "हे काय दाखवतायत?"

"खरं आहे ते, काकू."

"गप्प बस!"

आवाज पुढे सांगत होता, ज्याने हे मांडलं त्याचं पुस्तक छापून आलं तेव्हा तो मरणाच्या दारात होता. दुर्बिणीतून पुरावे शोधणाऱ्या दुसऱ्याला म्हातारपणी घरातच डांबलं. लोकांच्या गळी उतरायला शंभराहून जास्त वर्षं गेली. दिवे लागले तरी काकू खुर्चीचे हात सोडेना.

घरी काका पेपर वाचत होते. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"पृथ्वी फिरते?"

"हो. का गं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

काका हसले. "अगं, जन्मभर तेच तर शिकवलं."

"लोकांच्या पोरांना! आणि मी? एका ताटात जेवलो आपण, कधी तोंड उघडलंत?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"कोण सांगणार होतं? चिंध्या नेणारा?"

काकांच्या हातातला पेपर गळून पडला. इतका हबकलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

काही दिवसांनी तिने प्रश्नांचा भडिमार सुरू केला. फिरतोय तर आपण भेलकांडत का नाही? पक्षी मागे का राहत नाहीत? एकदा काका म्हणाले, "सोपं आहे गं." ती उसळली, "सोपं असतं तर शंभर वर्षं लागली असती का?" त्यानंतर काका सावकाश सांगू लागले.

पडदे लागले त्या दिवशी काकू आपल्या शिवणवर्गातल्या बायकांना खेळाला घेऊन गेली. बाहेर येताच त्यांतली एक पायरीवर बसून रडू लागली. काकू तिच्या शेजारी टेकली, पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि तिचं रडू थांबेपर्यंत तिथेच बसून राहिली.